शिक्क्याआधीची शपथ

फार पूर्वी एका गावात धान्याच्या सरकारी कोठीवर एक कोठारीण नेमली गेली. त्या राज्यात रीत अशी, की कोठीच्या किल्ल्या ज्याच्याकडे, गावचा साक्षीचा शिक्काही त्याच्याकडे. शेत विकलं, घर दिलं, की कागदावर हा शिक्का पडायचा, मगच व्यवहार पक्का.

शिक्क्याची शपथ मात्र वेगळी होती. गावासमोर बेलभंडारा उचलायचा आणि आपलं काहीतरी तारण ठेवायचं. खोट्या शिक्क्यानं कुणी नाडला गेला, तर त्या तारणातून त्याची भरपाई व्हायची. आधीच्या कोठाऱ्यांनी ही रीत केव्हाच गुंडाळून ठेवली होती.

कोठारीण कोठीत बसते न बसते, तोच प्रधानाचा मेहुणा कागद घेऊन हजर.

"माळीणआजीचा फुलमळा विकत घेतलाय मी. हा तिचा अंगठा. मार शिक्का."

"मारीन की, रावसाहेब. पण माझी शपथ व्हायचीय अजून."

"किल्ल्या घेताना घेतलीस ना?"

"ती धान्याची. तिच्यात कागदांचं काही नव्हतं."

मेहुणा हसला. "सोळा सोमवार करून करून देवभोळी झालीस तू. शपथेवाचून काय अडतंय?"

"संकल्प न करता उपास केला, तर ते व्रत होतं का? नुसतं उपाशी राहणं होतं. तसा हा नुसता रंग लागेल कागदाला."

मेहुण्याचं हसू मावळलं. "आज शिक्का पडला नाही, तर उद्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला."

कोठारणीला ही धमकी परवडणारी नव्हती. घरात मिळवती ती एकटीच, पदरी म्हातारी सासू. तरी तिनं शिक्क्याला हात लावला नाही. उलट दवंडी देऊन अख्खा गाव देवळापुढं जमवला.

तारणाला होतं काय, तर राहतं घर, तेही सासूच्या नावावर.

"माझं घर लावतेस होय गं?" सासू म्हणाली. "उद्या चुकलीस तर मी निजायचं कुठं?"

"म्हणून तर चुकणार नाही, आत्याबाई."

"मग लाव," म्हणत सासू पदर सावरून पुढं झाली.

कोठारणीनं बेलभंडारा उचलला. "जो देणारा माझ्यासमोर येऊन आपल्या तोंडानं हो म्हणणार नाही, त्याच्या कागदावर मी शिक्का मारणार नाही. मारला, तर हे घर त्याचं."

"झालं समाधान? मार आता," मेहुणा म्हणाला.

कोठारीण पायरीवर बसलेल्या माळीणआजीकडे वळली. "आजी, मळा विकलात?"

"विकला? अगं, देवळाला रोज फुलं देईन, एवढ्यासाठी अंगठा घेतला की यांनी."

गाव मेहुण्याकडे बघू लागला. तो दात खाऊन म्हणाला, "प्रधानांना कळलं तर?"

"कळू दे. या शिक्क्याला माझ्या सासूचं घर लागलंय. तुमचा वाडा लावा, मग बोलू."

मेहुणा कागद काखोटीला मारून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी खरंच नवा कोठारी आला, प्रधानाचा हुकूम घेऊन. कोठीच्या दारात गावच्या बायका बसलेल्या. पुढं होती सासू.

"ये बाबा," ती म्हणाली. "किल्ल्या तयार आहेत. आधी बेलभंडारा उचल. आणि घर कुठलं लावतोस, तेही सांग."

नव्या कोठाऱ्यानं हुकमाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. मग आपल्या घराची आठवण येऊन तो आल्या वाटेनं परत गेला. पुन्हा त्या कामाला कुणी आलं नाही, आणि किल्ल्या कोठारणीच्याच कमरेला राहिल्या.

तात्पर्य इतकंच, लेकरांनो: आपलं काही पणाला लावून जो शपथ घेतो, त्याला मोठ्यांनाही 'नाही' म्हणायचं बळ येतं.