पोपटाने दाखवलेला खोपा

थापा मारायला माणूस अजून जन्मला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. चिंचेवरच्या खारबाईंना पिल्लांसाठी झोका विणून हवा होता.

सुगरण म्हणाली, "एक गाठ मारते, ओढून बघा."

पोपट खोपा नाचवत म्हणाला, "गाठी कसल्या ओढता? हे बघा माझ्या चोचीचं काम!"

खोपा सुगरणीचाच होता, वाऱ्याने पडलेला. पण खारबाई भाळल्या आणि झोक्याचं काम त्यांनी पोपटाला दिलं. हसू नका, तुम्हीही भाळला असता.

तिसऱ्या दिवशी झोका सुटला आणि धाकट्याचा पाय मोडला. खारबाई रडत सुगरणीकडे धावल्या.

"आता हिरवं गवत संपलं, बाई. वाळक्याला गाठ बसत नाही."

धाकटं रोज लंगडत येऊन रिकामी फांदी बघतं. पोपट शेजारच्या वडावर सांगतोय, "चिंचेवरचा झोका? मीच विणला!"