वर गेला आणि परत आला

एकदा काय झालं, एक होतं राज्य. राज्य म्हटलं की राजा आलाच, पण त्याचं काम गोष्टीच्या शेवटी आहे. तोवर बसू दे त्याला.

तर त्या राज्यात चिमाबाई नावाची एक म्हातारी होती. तिचा नवरा मैराळ. हा मैराळ साधासुधा माणूस नव्हे, बरं का. आभाळात जाऊन आलेला पहिला माणूस तो.

कसा गेला? जुन्या राजाच्या मनात आलं, आभाळापलीकडे काय आहे ते बघावं. स्वतः नव्हे, दुसऱ्या कुणीतरी. मग आतषबाजीवाल्यांनी ताडाएवढा दारूचा बाण केला. त्याच्या टोकावर माणूस मावेल एवढा तांब्याचा हंडा बसवला. खाली उतरायला हंड्याला जुना शामियाना बांधला, छत्रीसारखा. आता आत बसायचं कुणी? सेनापतीला विचारलं, तर त्याची कंबर धरली. ज्योतिषाला विचारलं, तर त्याला स्वतःपुरता मुहूर्तच सापडेना. मग मैराळाला विचारलं. तो देवळाच्या कळसावर चढून ध्वज बांधायचा.

तो म्हणाला, "उंचच चढायचं ना? येतो की जाऊन."

निघताना बायकोला म्हणाला, "चिमे, येतो गं." मग बत्ती दिली. धूर झाला, आवाज झाला, हंडा दिसेनासा झाला.

मग दफ्तरदाराने वही उघडली आणि लिहिलं, 'मैराळ वर गेला.' खोटं काहीच नव्हतं त्यात. पण दुसऱ्या दिवशी हाताखालच्या कारकुनाने ते वाचलं, आणि चारचौघं घेतात तोच अर्थ घेतला. त्या राज्यात रीत होती. राज्याचं नाव काढणारं माणूस वारलं की वेशीवरचा नगारा तीनदा वाजायचा. सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं आणि त्याचं नाव घ्यायचं. मग काय, नगारा वाजला. लोक रडले.

तिसऱ्या दिवशी मैराळ शामियान्याला लोंबकळत तळ्यात उतरला. ओल्या कपड्यांनी घरी आला, तर दारात माणसं बसलेली.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"तू," लोक म्हणाले.

मग राजाने बोलावून घेतलं. "काय दिसलं?"

"जमीन दिसली महाराज. गोल होती."

"आणि आमचा राजवाडा?"

"नाही दिसला."

"राज्याची शीव तरी?"

"तीही नाही."

मग राजाचं मैराळावरचं प्रेम जरा आटलं, आणि वही दुरुस्त करायचं राहून गेलं. दफ्तरात खाडाखोड चालत नाही, असा नियमही निघाला. मैराळ म्हणाला, "असू दे. मेलेल्या माणसाला कुणी वेठीला धरत नाही." आणि कागदोपत्री मेलेला हा माणूस पुढे चाळीस वर्षं दोन्ही वेळा जेवला, आणि ध्वज बांधत राहिला.

मग एका दुपारी तो खरोखरच गेला. म्हातारा होऊन, अंथरुणात. म्हणाला, "चिमे, येतो गं." चिमाबाई म्हणाली, "या. सावकाश या."

पण नगारा काही वाजला नाही. तीन दिवस वाट पाहून चिमाबाई दफ्तरात गेली. तिथे तोच कारकून आता दफ्तरदार झाला होता. असं का होतं, ते मोठे झालात की कळेल.

"चिमाबाई, एका माणसाला एकच नगारा," तो म्हणाला. "तुमच्या यजमानांचा वाजून गेला."

"तेव्हा ते जिवंत होते."

"तसं कुठे लिहिलंय?"

मग ती प्रधानाकडे गेली. प्रधान गोड बोलला. "बाई, हवा तर पुतळा उभारू. पुतळ्याला नियम आड येत नाही."

"पुतळ्यावर कावळे बसतात, प्रधानजी. मला नगारा हवा. नाहीतर उद्या लोक म्हणतील, कुणी एक वेडा बाणावर बसला आणि मेला."

मग ती राजाकडे गेली. हा नवा राजा, जुन्याचा मुलगा. त्याने वही मागवली. दफ्तरदार वही छातीशी धरून आला. "महाराज, खाडाखोड चालत नाही."

"खोडायला कोण सांगतंय?" चिमाबाई म्हणाली. "भर घालता येते ना?"

दफ्तरदाराने कान खाजवला. "भर घालायला... मनाई नाही."

"मग पुढे लिहा, 'आणि परत आला.' जाताना हे मला 'येतो' म्हणाले होते. आणि आले. तेवढंच लिहायचं राहिलंय."

राजा म्हणाला, "आजीबाई, एवढ्याने काय फरक पडतो?"

"वर काय महाराज, सगळेच जातात. तुम्हीही जाल. परत किती येतात?"

प्रधान पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. राजा दफ्तरदाराकडे वळला. मग म्हणाला, "लिहा."

दफ्तरदाराने लिहिलं. असा मैराळ दफ्तरात जिवंत झाला, आणि जिवंत झाला म्हणून मरायला मोकळा झाला.

"आता पुढे काय लिहू?" दफ्तरदाराने विचारलं. "परत 'वर गेला' लिहिलं, तर उद्या कुणी बाण शोधत बसेल."

"या खेपेला नुसतं 'गेला' लिहा," चिमाबाई म्हणाली, आणि पदर सारखा करत खिडकीकडे वळली.

मग नगारा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. लोकांनी काम थांबवलं, नाव घेतलं. अशा वेळी मान खाली घालायची रीत होती, पण त्या दिवशी सगळ्यांनी वर पाहिलं. वर काही नव्हतं. आभाळ होतं, आणि कळसावर मैराळाने बांधलेला ध्वज होता.

चिमाबाई घरी गेली. तीन दिवसांनी चूल पेटवली, भात टाकला, पोटभर जेवली. पुढे पुष्कळ वर्षं सुखात राहिली. राजा सुखात राहिला. दफ्तरदार तर सगळ्यांत सुखात, कारण त्याला एकही अक्षर खोडावं लागलं नाही.

तेव्हापासून त्या राज्यात घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतात. आता मिटा डोळे. झोपेच्या गावाला निघालात ना? मग काय म्हणायचं?

हं. या, सकाळी या.