अध्यक्षांची मुलाखत

वडील गेले आणि यशोधनराव जामदार सव्विसाव्या वर्षीच शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष झाले. आता पन्नाशीत त्यांना आमदार व्हायचं होतं. गावोगावच्या भिंतींवर त्यांची घोषणा रंगली होती : 'कष्ट करा, मोठे व्हा!'

त्यांच्याच कॉलेजात अनसूया खिलारे नऊ वर्षं तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. जितके तास तितकेच पैसे, आणि दर जूनला त्याच जागेसाठी नव्यानं मुलाखत. यशोधनरावांच्या युवक मेळाव्यात बाईंनी धीर करून कायम नेमणुकीचं विचारलं.

"बाई, तुमच्या वयात मी अख्खी संस्था चालवत होतो," यशोधनराव माइकवरून म्हणाले. "तुमची पिढी कष्टाला भिते. आधी स्वतःला सिद्ध करा."

अनसूयाबाईंचे कान तापले, पण आवाज चढला नाही. "साहेब, मी नऊ मुलाखती दिल्या. तुम्ही एकच द्या, अध्यक्षपदाची. पास झालात तर पुन्हा कायम नोकरीचं नाव काढणार नाही."

यशोधनराव हसले. "विचारा की!"

"तुमचे वडील या संस्थेत अध्यक्ष नसते, शिपाई असते, तर आज तुम्ही कोणत्या पदावर असता?"

यशोधनरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"प्रश्न जरा अवघड आहे," ते शेवटी म्हणाले.

"हरकत नाही साहेब. आमच्या मुलाखतीत असं म्हटलं, की पुढच्या उमेदवाराला बोलावतात."

मागच्या रांगांतून हशा उठला आणि व्यासपीठापर्यंत पोचला. पंधरा दिवसांत कॉलेजानं पाच कायम जागांची जाहिरात काढली.