आवडीच्या ओट्यावरचा ओरडा

आंबवेळे गावात, खाडीच्या काठाला लागून एक खाणावळ आहे. तिथे पाहुण्याला कोणी 'या, बसा' म्हणत नाही. भात पोटभर मिळतो, माशाची आमटी चवदार असते. मात्र शेवटचा घास तोंडात असतानाच मालकीण सुलभावहिनी खडपे समोर येऊन उभ्या राहतात. "झालं ना गिळून? मग उठा. बूड चिकटलंय की काय?" लांबून आलेली माणसे हे ऐकून सुखावतात. या प्रथेचा लेखी पुरावा मला तरी आढळला नाही. वहिनींचे चुलत सासरे रामजीतात्या पाहुण्यांना जे सांगतात, ते असे.

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. ओहोटीला पाण्यातून वाळूचा एक दांडा उघडा पडे आणि त्यावरून माणसे पायी पैलतीर गाठत. भरती लागली की दांडा घटकाभरात बुडे. ओहोटीची वाट पाहणारे वाटसरू आजच्या खाणावळीच्या याच ओट्यावर टेकत आणि घरची आवडी त्यांना जेवू घाली. ती इतकी मृदू की दारात शिरलेल्या गुरालाही तिने कधी मोठ्याने हाकलले नाही म्हणे. तिचा आग्रह पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. 'नको' म्हणणाऱ्याच्या पानातही भाताची आणखी एक मूद पडेच.

एकदा एक कासार जेवायला बसला. तो दोनदा उठू लागला. दोनदा तिने त्याला बसवले. तो निघाला तेव्हा पाणी फिरले होते. दुसऱ्या दिवशी काठाला नुसती बांगड्यांची माळ लागली, असे सांगतात. आवडीने चूल बंद केली नाही. मात्र खाडीकडे तोंड करून ती म्हणाली, की या ओट्यावरून उठलेलं माणूस पुन्हा तुला मिळणार नाही.

पुढल्या वर्षी धाकू सुतार आला. मुलीच्या लग्नासाठी घडवलेले दोन पाट घेऊन तो पैलतीरी घरी निघाला होता. जेवण झाले, तो भिंतीला टेकला. वेळ झाली, निघा, असे आवडीने तीनदा विनवले. पण इतक्या गोड आवाजातली घाई त्याला घाई वाटेना. त्याने निवांतपणे विड्याचे पान मागितले.

तेव्हा म्हणे आवडीने त्याचे पाट उचलून अंगणात भिरकावले. "ऊठ मेल्या. जेवायला धावत येतोस नि उठायला पाय मोडतात? चालता हो माझ्या दारातून."

धाकू अपमानाने लाल झाला. पाट डोक्यावर घेऊन तो तरातरा दांडा ओलांडून गेला. पलीकडून चार शिव्या हासडाव्यात म्हणून वळला, तर मागे वाळू नव्हती. पाणीच पाणी होते. शिव्या तोंडातच राहिल्या.

लग्नानंतर तो लेक-जावयाला घेऊन आला आणि हात जोडून म्हणाला, "आवडीबाय, या दोघांनाही दोन शब्द सुनव." जावयाला कसे बोलावे, म्हणून ती आधी अडखळली. मग मात्र तिने त्यालाही सोडले नाही. तेव्हापासून ओरडा खाल्ल्यावाचून या ओट्यावरून कोणी खाडीत उतरेना.

आजही ही रीत मोडलेली नाही. पूल होऊन बरीच वर्षे झाली. कोणालाही भरतीची धास्ती नाही. काही जण तर ओरडा मिळेपर्यंत मुद्दाम रेंगाळतात आणि हसत पायऱ्या उतरतात. वहिनी मात्र पदराला हात पुसत दारात उभ्या राहतात, आणि पाहुण्यांची गाडी पुलापलीकडे पोचेपर्यंत आत जात नाहीत.