पुण्णिकाची फांदी

पूर्वी सोणवती नगरीत सुरुची राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाचा जन्म एका कुंभाराच्या घरी झाला. त्याचे नाव सोत्थिय. आचार्य वासभांच्या विद्यालयात राजाच्या धान्यावर जेवून तो शिकला आणि त्यांचा ज्येष्ठ शिष्य झाला.

त्या विद्यालयात एक रीत होती. ज्याला काही म्हणायचे असेल त्याने दारापुढच्या वाळूच्या ढिगात जांभळीची ताजी फांदी रोवायची. ती हिरवी असेपर्यंत त्याला कोणी अडवायचे नाही. वाळली की त्याने गप्प बसायचे. फांदीला पाणी मात्र त्याने किंवा त्याच्या मित्रांनी घालायचे नाही. ज्याला त्याचे म्हणणे खोडायचे असेल, त्यानेच घालायचे.

एका उन्हाळ्यात राजाची आज्ञा आली, ‘माझे धान्य खाणाऱ्या विद्यार्थ्यांनी माझ्या सैन्यात यावे.’ तेव्हा पुण्णिक नावाच्या तरुण शिष्याने फांदी रोवली. “हे धान्यच नको,” तो म्हणाला. “भिक्षा मागून शिकू, पण भाला धरणार नाही.” शिष्य पाठ सोडून त्याच्याभोवती बसू लागले.

सोत्थियाला हे पटले नाही. धान्य सोडले तर गरिबांची मुले आधी घरी जातील, म्हणून धान्य ठेवून आज्ञाच मागे घ्यायला लावावी, असे त्याचे मत होते. त्याने पाण्याचे मडके उचलले.

आचार्यांना सलत होते ते वेगळेच. पाठशाळेत चटया रिकाम्या पडत. दारापुढून हशा ऐकू आला की त्यांचे वाक्य अर्धवट राही. हात उंचावून बोलण्याची पुण्णिकाची लकब मुळात त्यांची होती, आणि ती त्याला अधिक शोभते हेही त्यांना कळत होते.

त्यांनी सोत्थियाला बोलावले. “काय रे, आज किती जण होते तिकडे?”

“बरेच होते, आचार्य.”

“माझ्याकडे दोघं. त्यातला एक झोपला होता. तुला पटतं का त्याचं?”

“नाही.”

“मग एक दिवस पाणी विसर. ऊन कडक आहे. उद्यापासून माझ्या आसनावर तू बस.”

कुंभाराच्या मुलाला ते आसन आजवर कधी मिळाले नव्हते. 

“फांदी वाळून तो हरला,” सोत्थिय म्हणाला, “तर माझं म्हणणं खरं होतं का, हे मला कधीच कळणार नाही.”

“म्हणजे तूही त्याचाच!”

“त्याचा असतो तर मला पाणी घालता आलं नसतं, आचार्य.”

आचार्यांनी रागाने विहिरीचा दोर काढून नेला. सोत्थियाने आपल्या वाट्याचे पिण्याचे पाणी फांदीला घातले.

“अरे सोत्थिया, तुझ्या घशाला कोरड पडलीय,” पुण्णिक म्हणाला. “मला खोडणार कसा?”

“हळूहळू खोडीन. तुला घाई आहे का?”

सगळे हसले. खिडकीतून आचार्यांनी ते पाहिले आणि त्यांना अधिकच हेवा वाटला. त्यांच्या बोलण्यावर आजवर सगळ्यांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या. त्यांना खोडायला कोणी असे मडके घेऊन कधी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोत्थिय आणि पुण्णिक आले तेव्हा वाळू आधीच भिजलेली होती. शेजारी आचार्य उभे होते. खांद्यावर दोर, हातात रिकामे मडके.

“पाणी मी घातलंय. तुम्हा दोघांचंही मला पटत नाही. आज मी बोलणार.” मग पुण्णिकाकडे न बघता ते पुटपुटले, “लोक पांगायच्या आत मला वेळ दे म्हणजे झालं.”

तो वाद ऐकायला शेवटी राजाही आला. रीत पाळून त्याने आधी फांदीला पाणी घातले आणि मग खाली बसला. ऐकून झाल्यावर त्याने आज्ञा मागे घेतली. धान्य चालू ठेवले.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता भगवान बुद्ध म्हणाले, “भिक्खूंनो, तरुण सुजाताने सभेत बोलू नये म्हणून स्थविर धम्मिल आज खटपट करीत आहेत, तशी त्यांनी तेव्हाही केली होती. आचार्य वासभ म्हणजे हेच धम्मिल. पुण्णिक म्हणजे सुजात. आणि पाणी घालणारा सोत्थिय तो मीच.”

धम्मिल उठले आणि त्यांनी सुजाताला बसायला आपल्या शेजारी जागा करून दिली.

दुसऱ्याचा उत्कर्ष पाहून मन प्रसन्न होणे, तो आपल्या विरुद्ध बोलत असतानाही, या गुणाला मुदिता म्हणतात.