धोंडजीचा कोयता

बाळांनो, सरकारी शिक्का नसला, तर शस्त्र शिपायाचं नसतं का?

फार पूर्वी धोंडजी शिपाई लढाईला निघाला, तेव्हा घरचा कोयता कमरेच्या आकडीत अडकवून गेला.

"अरे माडकाप्या, तुझ्यावर शिक्का कुठाय? उद्या खंडेनवमीला सुभेदार पूजेत शस्त्रं मांडतील, तेव्हा तुला फेकूनच देतील," बंदुकीवरची संगीन म्हणाली.

"फेकू देत, ताई. आज तरी धन्याच्या कमरेला आहे," कोयता म्हणाला.

त्याच दुपारी नदी ओलांडताना धोंडजीचा सोबती वेलींत अडकून बुडू लागला. संगीन नुसतीच टोचत राहिली, तिला वेली कापता येईनात. मग धोंडजीने कोयता उपसला आणि सपासप वेली तोडून सोबत्याला वर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांनी आपल्या हाताने कोयता संगिनीशेजारी मांडला आणि पहिलं हळदकुंकू त्याला वाहिलं.