पारडीचं पान

माणगंगेच्या काठी ढवळेवाडी म्हणून लहानसं गाव आहे. त्या साली केवळनाथ महाराजांचा मुक्काम तिथे खंडेराव पाटलांच्या ओसरीवर होता. पाटलांना या सेवेचा भारी तोरा. "संतांनी जेवावं तर आमच्याच घरी," असं चारचौघांत सांगत. महाराजांच्या पानात रोज बासुंदी असे. तिच्यासाठी पाटील म्हशीची चारही सडं पार पिळून घेत आणि तिच्या कोवळ्या पारडीपुढे कडबा टाकून मोकळे होत.

धाकटी सून म्हाळसा हे पाहून कळवळे. पान्हा फुटेपर्यंत पारडीला कासेला लावायचं आणि तोंडात धार आली की ओढून बांधायचं, हे तिला बघवत नसे. ती आपल्या वाटची भाकरी ताकात कुस्करून पारडीला चारी.

"पोट बघ तिचं, नगाऱ्यासारखं तट्ट आहे," पाटील हसत. "हिला कसली भूक? दूध म्हैस देते सूनबाई, पारडी नाही."

सासऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती. म्हाळसा पदराआड भाकरी लपवायला शिकली.

इकडे नवलच घडू लागलं. महाराज पान स्वच्छ करून उठत, तरी दिवसेंदिवस वाळत चालले. बरगड्या वर आल्या, पोट मात्र तट्ट फुगलेलं. पाटील संतांना उपाशी ठेवतात, अशी कुजबुज गावात सुरू झाली. पाटलांना ते फार झोंबलं.

"महाराज, आमच्या हातून काही चुकतंय का?"

"जगण्यापुरतं मिळतंय रे," महाराज म्हणाले. "पण वाढत्या जिवाला दोन भुका असतात. एक जगायची, एक वाढायची. ती दुसरी तशीच राहते बघ."

या वयात महाराज काय वाढणार? पाटलांनी ते थट्टेवारी नेलं.

एका सकाळी ओसरीसमोरच्या गोठ्यात पारडी उठेना. तिनं डोळे पांढरे केले, पाय ताठ झाले. म्हाळसा तिचं डोकं मांडीवर घेऊन महाराजांचा धावा करत रडू लागली. त्याच वेळी ओसरीवर महाराजही घोंगडीवरून उठले नाहीत. पाटील घाबरून बासुंदीची वाटी घेऊन धावले. महाराजांनी तोंड फिरवलं.

"माझं पान गोठ्यात मांडलंय," ते हळूच म्हणाले.

म्हाळसानं तोवर सासऱ्याची भीती सोडली होती. तिनं म्हशीचं धारोष्ण दूध काढलं आणि बोट बुडवून पारडीच्या तोंडात दिलं. पारडीनं ते चोखलं. आणि काय सांगावं भाविकहो! ओसरीवर महाराजांच्या गळ्यातून घोट उतरला. गोठ्यात पारडी चोखते आणि ओसरीवर महाराजांच्या ओठांना दुधाचा फेस लागतो. पाटील एकदा इकडे पाहतात, एकदा तिकडे.

पारडी धडपडत उभी राहिली तेव्हाच महाराज उठून बसले. पाटलांनी त्यांचे पाय धरायला हात पुढे केले, तर महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी उपाशी आहे तो तिकडे."

पाटील गोठ्यात गेले. त्यांनी आपल्या हातानं पारडीला कासेला लावलं. ती ढुशा देत पिऊ लागली. या वेळी तिला कुणी ओढलं नाही.

"पोरी, इतके दिवस तू अर्धपोटी राहिलीस?" त्यांनी सुनेला विचारलं. पाटलांनी तिथेच शेणामुतात, पारडीच्या खुरांपाशी, पागोट्यासकट डोकं टेकलं.